पट्टा, तबकडी आणि हाताचा जोर

करवतीला दात असतात, रंध्याला पान, पटाशीला धार. नुसतं पाहिलं तरी माणूस बोटं आवरून घेतो. टेबलावर ठेवून चालवायच्या बेल्ट-डिस्क सँडरला असं काही दिसत नाही. एका अंगाला पॉलिश पेपर चिकटवलेली गोल तबकडी, दुसऱ्या अंगाला दोन रुळांवर ताणलेला खरखरीत पट्टा. फार तर खरचटेल, असं वाटतं. आता जरा हिशोब करून पाहा. तबकडी सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाची आणि मोटर मिनिटाला २८५० फेरे घेणारी असेल, तर तबकडीची कड सेकंदाला २२ मीटरहून अधिक वेगाने पळत असते. म्हणजे ताशी ८० किलोमीटर. तेवढ्या वेगात असलेल्या एसटीच्या खिडकीतून हात काढून रस्त्याकडेच्या भिंतीला लावावा, तसलाच हा प्रकार.

त्यात पेपरावरचा प्रत्येक कण कापतो. ८० नंबरच्या पेपरावर हे कण सरासरी एक पंचमांश मिलिमीटरचे असतात. ते कातडी चिरत नाहीत, उगाळतात. करवतीने कापलेल्या बोटाला टाके घालायला निदान दोन कडा असतात. इथे त्याही राहत नाहीत आणि जखमेत लाकडाची भुकटी भरलेली असते.

यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत सुरक्षिततेच्या सूचना पहिल्या पानावर आणि बिघाडांचा तक्ता शेवटच्या पानावर छापायची पद्धत आहे. मला ही फारकत पटत नाही. पेपर झिजलाय, पट्टा सैल आहे, टेबल काटकोनातून हललंय, व्होल्टेज कमी पडतंय. तक्रार कुठलीही असो, माणूस तिच्यावर पहिला उपाय करतो तो म्हणजे आणखी जोराने दाबण्याचा. आणि अपघात होतो तो त्या जोरातूनच. दाबलेला तुकडा अचानक निसटतो, हात मात्र त्याच जोराने पुढे जातो. म्हणून सँडरवर काम करताना दंडात जोर यायला लागला की आधी यंत्र बंद करावं आणि काय बिघडलंय ते शोधावं. हे शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही, कारण यंत्राची रचना साधी आहे.

नेहमी दिसणारं यंत्र म्हणजे चार बाय छत्तीस. मापं अजून इंचातच बोलली जातात: चार इंच रुंद, छत्तीस इंच घेराचा पट्टा आणि सहा इंची तबकडी. मोटर एकच, अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपासची. तबकडी मोटरच्या दांड्यावर थेट बसवलेली असते. पट्ट्याचा रूळ फिरतो तो आतल्या एका लहान रबरी बेल्टवर. (गोंधळ नको म्हणून खरखरीत तो पट्टा आणि आतला रबरी तो बेल्ट, असंच पुढे म्हणतो.) ही मांडणी लक्षात असली की निम्मं निदान उभ्याउभ्या होतं. तबकडी जोमाने फिरते आहे आणि पट्टा मात्र जागच्या जागी आहे, म्हणजे मोटर ठणठणीत आहे. आतला बेल्ट तुटलाय, त्याचे दात गेलेत किंवा तो घासून चकचकीत होऊन घसरतोय. बेल्टची पुली फिरते, रूळही फिरतो, पण लाकूड टेकवताच पट्टा थांबतो, असं असेल तर पट्ट्याचा ताण कमी आहे किंवा चालवणाऱ्या रुळावरचं रबर गुळगुळीत झालंय. तबकडी आणि पट्टा दोन्ही मलूल झाले असतील तर दोष विजेत नाहीतर मोटरमध्ये. यंत्र उघडण्याआधी एवढं ठरवता आलं तर बराच वेळ वाचतो.

मोटरच्या फेऱ्यांबद्दल थोडं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून इंडक्शन मोटर मिनिटाला साधारण १४४० किंवा २८५० फेरे घेते. १४४० वाल्या यंत्रात तबकडीच्या कडेचा वेग निम्मा, ताशी ४० किलोमीटर. नव्याने शिकणाऱ्याने पर्याय असेल तर हेच यंत्र घ्यावं असं माझं मत आहे. लाकूड कमी जळतं आणि चूक सावरायला अवधी मिळतो. अमेरिकेत राहणारे नातेवाईक परत येताना तिकडचं यंत्र सामानातून आणतात, त्यांच्यासाठी एक इशारा. ते यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेलं असतं. ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्ट उतरतात, हर्ट्झ ५०च राहतात. मोटर सहाव्या हिश्श्याने हळू चालते आणि जास्त तापते. थोडा वेळ चालेल, दिवसभर चालवू नये.

तबकडीवर काम करताना तिची दिशा सगळ्यात आधी पाहायची. बहुतेक यंत्रांत समोरून पाहिलं तर ती घड्याळाच्या उलट फिरते, म्हणजे डावा अर्धा भाग वरून खाली येतो आणि उजवा खालून वर जातो. लाकूड नेहमी खाली येणाऱ्या अर्ध्या भागावर टेकवायचं. तिथे तबकडी लाकडाला टेबलावर दाबून धरते, हाताला फक्त दिशा द्यायची असते. उजव्या भागावर लाकूड गेलं की तबकडी ते उचलून वर फेकते आणि भुकटी थेट तोंडावर येते. रुंद फळीचं टोक घासताना नकळत दोन्ही भाग व्यापले जातात. एक बाजू दाबली जाते, दुसरी उचलली जाते, फळी टेबलावर नाचायला लागते. तबकडीच्या निम्म्यापेक्षा रुंद काम तबकडीवर घेऊच नये, ते पट्ट्यावर न्यावं. सगळ्याच यंत्रांची दिशा एक नसते, म्हणून आवरणावरचा बाण पाहावा. बाण पुसला गेला असेल तर रंगाने पुन्हा काढावा.

आणखी एक गोष्ट: तबकडीच्या बरोबर मध्यावर वेग शून्य असतो. मध्यापासून कडेकडे जावं तसा तो वाढत जातो. त्यामुळे लाकूड एकाच जागी धरलं तर कडेजवळचा भाग जास्त खाल्ला जातो, मध्याजवळचा कमी, आणि सरळ म्हणून घासलेलं टोक तिरकं निघतं. लोक मग टेबलाला दोष देतात. लाकूड डाव्या अर्ध्या भागात हळूहळू सरकवत राहिलं की हा दोष जातो आणि पेपरही एका जागी झिजत नाही.

टेबलाला खरोखर दोष आहे का, हे पाहायला गुण्या तबकडीला लावून उजेडात धरावा. त्याहून बारीक परीक्षा अशी: एकाच फळीचे दोन तुकडे घ्या, दोघांची टोकं घासा, एक तुकडा वरचं अंग वरच ठेवून फिरवा, टोकाला टोक लावा आणि दोन्ही सरळ पट्टीवर ठेवून पाहा. काटकोनात अर्ध्या अंशाची चूक असेल तर ती इथे एक अंश होऊन दिसते. टेबल आणि तबकडी यांतली फट दीड मिलिमीटरहून जास्त नको. यापेक्षा रुंद फटीत लाकडाचा पातळ तुकडा खाली ओढला जातो आणि त्यामागोमाग बोट. टेबल ४५ अंशांत तिरकं केलं की फट आपोआप वाढते. तिरकं करणाऱ्यांपैकी बरेच जण ती पुन्हा जुळवत नाहीत.

तबकडी ज्या कामात खरी रंगते ते म्हणजे बाहेरचा गोलवा. पोळपाट घ्या. करवतीने ओबडधोबड गोल कापलेला तुकडा नुसत्या हाताने तबकडीवर फिरवत गेलं तर कडेला चपटे पैलू पडतात. प्लायवूडच्या फळीवर एक खिळा बारीक टोक वर ठेवून ठोका, ती फळी क्लँपने टेबलावर घट्ट बसवा, पोळपाटाच्या खालच्या अंगाला मध्यावर अर्धवट भोक पाडून तो त्या खिळ्यावर बसवा आणि सावकाश फिरवा. खिळा तबकडीपासून जितका लांब, तितकी पोळपाटाची त्रिज्या. यात हात तबकडीपासून दूर राहतात हा फायदा आहेच, आणि गोलही असा येतो की नुसत्या हाताने तो येणं कठीण. छोटे तुकडे धरायलाही अशाच युक्त्या लागतात. खेळण्याचं चाक, किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा तुकडा, चौरंगाच्या पायाखालची टिकली, असलं काही बोटाच्या चिमटीत धरून सँडरला लावू नये. दुहेरी चिकटपट्टीने ते मोठ्या ठोकळ्यावर बसवावं आणि ठोकळा हातात धरावा. ठोकळा बनवायला लागणारा वेळ फुकट जातो असं वाटतं खरं, पण सहा तुकडे करायचे असतील तर तोच वेळ परत मिळतो.

आता पट्टा. आडव्या पट्ट्याच्या एका टोकाला लोखंडी अडसर असतो आणि पट्टा त्या दिशेनेच धावतो. लाकूड अडसराला टेकवून ठेवायचं, म्हणजे पट्ट्याची ओढ तो घेतो. अडसर काढून टाकून लांब फळ्या घासणारे कारागीर आहेत. फळी लांब आणि हात सरावाचे असतील तर ते चालतं. वीतभर तुकड्याला अडसर नसेल तर तो बंदुकीच्या गोळीसारखा मागे सुटतो, हे मात्र अनुभवी माणसालाही चुकत नाही. पट्टा पूर्ण वेगात आल्यावरच लाकूड टेकवावं, आणि टेकवल्यावर ते सतत हलतं राहावं. क्षणभर विसावलं की तिथे खड्डा पडतो, आणि तो काढायला सगळी फळी पुन्हा उतरवावी लागते.

पट्ट्याबद्दलची सर्वांत जुनी तक्रार म्हणजे तो एका कडेला सरकतो. यामागचं तत्त्व गमतीशीर आहे. सपाट पट्टा फुगीर रुळावर चढवला तर तो खाली घसरायला हवा, असं मन सांगतं. प्रत्यक्षात तो फुगीर भागाकडे चढत जातो, कारण जाड भागावर टेकलेली कड वळते आणि पुढच्या फेऱ्यात आणखी वर नेली जाते. याच गुणाचा उपयोग करून एक रूळ मध्ये किंचित फुगीर ठेवतात, म्हणजे पट्टा आपोआप मध्यावर राहतो. उरलेली बारीक जुळणी रूळ जरासा कलवणाऱ्या बटणाने होते. आता उलट विचार करा. त्याच रुळावर एका कडेला भुसा आणि डिंकाचा थर बसला तर तिथे नवाच फुगवटा तयार होतो आणि पट्टा तिकडे चढायला लागतो. बटण फिरवून फिरवून कंटाळलेल्या माणसाला सांगावं, आधी पट्टा काढ आणि रूळ पूस. थर लोखंडी पातीने खरवडू नये, रबर फाटतं. लाकडाच्या चपट्या काडीने काढावा.

रूळ स्वच्छ असूनही पट्टा सरकत असेल तर दुसरा पट्टा चढवून पाहावा. दुसरा सरळ चालला तर दोष पहिल्यात आहे, त्याची एक कड दुसरीपेक्षा लांब कापली गेली आहे; तो टाकून द्यावा. पट्टा बदलताना प्लग काढलेलाच हवा, बटण बंद असणं पुरेसं नाही. नवा पट्टा चढवल्यावर ताण द्यावा, हाताने दोनतीन फेरे फिरवावा, मग प्लग लावून बटण क्षणभर चालू करून लगेच बंद करावं. कडेकडे निघाला असेल तर कलवण्याचं बटण पाव फेरा फिरवावं आणि पुन्हा तेच. थेट चालू ठेवून जुळवायला गेलं की पट्टा आवरणात घुसून चिरफाळतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण छापलेला असला तर त्याच दिशेने तो चढवावा. तिरक्या आच्छादनाने चिकटवलेला जोड उलट दिशेने धावला की लाकडाची कड त्या जोडात शिरते आणि पट्टा तिथेच उलगडतो. बाण नसेल तर जोड बहुधा मागून पट्टी लावलेला असतो, तो कसाही चालतो.

पट्ट्यामागे एक सपाट लोखंडी पाटी असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. वर्षानुवर्षं मधल्याच भागावर घासल्याने ती मध्ये खोलगट होते, आणि मग कितीही काळजी घेतली तरी लाकूड पोटाला फुगीर निघतं. पोलादी पट्टी आडवी धरून खालून उजेड दिसतो का ते पाहावं. काही यंत्रांत पाटीवर ग्रॅफाइट लावलेलं कापड चिकटवायची सोय असते. त्याने पट्टा कमी तापतो.

लाकडावर तपकिरी-काळे डाग पडणं म्हणजे जळणं. याची कारणं चारपाच आहेत आणि सगळी जोराशी येऊन मिळतात. पेपर झिजला, म्हणून दाबलं. पेपर भुकटीने भरला, म्हणून दाबलं. नंबर फार बारीक लावला, म्हणून दाबलं. नंबर वाढतो तसे कण बारीक होतात. १२० नंबरला सव्वाशे मायक्रॉनचे, २४०ला साठाच्या आत. या यंत्राच्या वेगाला २४० नंबर म्हणजे लाकूड तापवण्याचाच उद्योग. आकार काढायला ६० किंवा ८०, साफ करायला १२०, त्यापुढचं हाताने, हे पुरे आहे. फळीचं टोक, जिथे तंतू आडवे कापलेले असतात, ते सर्वांत लवकर जळतं, आणि सागाचं तर फारच. सागात तेल असतं आणि बारीक वाळूसारखी सिलिकाही. तेलाने पेपर भरतो, सिलिकेने बोथट होतो. भरलेला पेपर फेकायची घाई मात्र करू नये. क्रेप रबराची वडी चालू पट्ट्यावर टेकवली की अडकलेली भुकटी तिला चिकटून निघून येते. जुन्या क्रेप सोलच्या चपलेचा तुकडाही चालतो. डिंक किंवा वॉर्निश वितळून बसलं असेल तर रबराचं काही चालत नाही. रंगवलेलं जुनं लाकूड सँडरवर न घेण्याचं ते एक कारण, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं हे दुसरं, अधिक गंभीर.

पेपर विकत घेताना रंगावर जाऊ नये, मागचा छाप वाचावा. लाकडाला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, कापडी पाठीचा पट्टा नेहमीच्या कामाला ठीक. कण जरा विरळ पेरलेला पट्टा मिळाला तर तेलकट लाकडाला तो बरा, कारण भुकटीला बाहेर पडायला जागा असते. काळ्या पेपरावर असतं ते सिलिकॉन कार्बाइड. ते १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसन या अमेरिकी माणसाला चिकणमाती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवताना सापडलं. तो खरं म्हणजे कृत्रिम हिरे बनवायच्या खटपटीत होता. आपल्याकडे या उद्योगाची जुनी खूण उरणजवळ मोऱ्याला आहे. ग्राइंडवेल कंपनीने १९४१ मध्ये तिथे घासकामाची चाकं बनवायला सुरुवात केली.

ॲचेसन हेच आडनाव या विषयात पुन्हा भेटतं, तेही दुसऱ्या टोकाला. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्या बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या कान-नाक-घसा शल्यविशारद एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं की नाकाच्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग फर्निचरच्या कामगारांमध्ये जास्तच दिसतो आहे. डोनाल्ड ॲचेसन आणि इतर सहकाऱ्यांबरोबरचा त्यांचा अभ्यास १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. लाकूड कापणाऱ्यांच्या, घासणाऱ्यांच्या नाकात वर्षानुवर्षं जाणारी भुकटी हे त्यामागचं कारण. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. एमडीएफ घासताना धुळीबरोबर फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंकही उडतो, त्यातलं फॉर्माल्डिहाइडही त्याच गटात आहे. गणपतीच्या आधी घरोघरी एमडीएफची मखरं कापली-घासली जातात, तीही बंद खोलीत, शेजारी मुलं बसलेली असताना. याचा कोणी विचार करताना दिसत नाही. शिसव आणि सागाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं; एकदा अंगाने तक्रार केली की पुढे थोडी धूळही सोसत नाही.

यंत्राच्या मागे लटकणारी कापडी पिशवी या बाबतीत फारशी कामाची नाही. ती जाड भुसा धरते. फुप्फुसात जाणारी बारीक धूळ तिच्या विणीतून आरामात बाहेर येते, आणि पिशवी झटकताना उरलीसुरली नाकात जाते. धुळीच्या तोंडाला व्हॅक्यूमची नळी जोडावी, यंत्र दारा-खिडकीजवळ ठेवावं आणि नाकावर एन-९५ मास्क बसवावा. तोंडाला बांधलेला रुमाल हे समाधान आहे, संरक्षण नाही. दाढी असेल तर मास्क कडेने गळतो. चष्मा असणाऱ्यांनाही वरून गॉगल लागतोच, कारण कण बाजूने येतात.

पिशवीत आगीचंही बीज आहे. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन लाकूड स्वस्तात मिळतं आणि हौशी लोक ते आवडीने वापरतात. त्यात मोडलेले खिळे, पिना राहिलेल्या असतात. खिळा पट्ट्याला लागला की पट्टा फाटतो, आणि उडालेली ठिणगी नळीतून पिशवीतल्या भुशात जाऊन पडते. ती तिथे तासन् तास धुमसत राहते. आग दिसते तेव्हा माणूस कुलूप लावून घरी गेलेला असतो. लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत. ज्या यंत्रावर लाकूड घासतो त्यावर लोखंड, सुरी, विळा घासायचा असेल तर आधी नळी आणि पिशवी काढावी, आतला सगळा भुसा साफ करावा. ॲल्युमिनियम तर घेऊच नये. त्याची बारीक भुकटी सहज पेट घेते, आणि लोखंडाच्या गंजाशी मिसळली तर आणखी भडकते.

अंगावर काय नको, ही यादी पुस्तिकेत असते, पण ती आपल्याकडची नसते. तीत मनगटावरचा गंडा नसतो, पौर्णिमेनंतर महिनाभर मिरवलेली राखी नसते, लोंबतं मंगळसूत्र, ओढणी आणि पदर नसतो. हे सगळं फिरत्या रुळात गुंडाळलं जातं, आणि दोरा तुटायच्या आधी हात आत जातो. हातमोजे घालणाऱ्याला आपण जास्त काळजी घेतो असं वाटतं. उघड्या बोटाला पट्टा लागला तर कातडी जाते आणि हात झटक्यात मागे येतो. मोज्याचं कापड पकडलं गेलं तर हात मागे येऊ शकत नाही. म्हणून या यंत्रावर हातमोजे नकोत. अंगठीही काढून ठेवावी.

विजेचा आपला प्रश्न वेगळा आहे. काम चालू असताना वीज जाते, माणूस वैतागून चहाला निघून जातो, बटण चालूच राहतं. वीज येते तेव्हा यंत्र आपोआप सुरू होतं, आणि त्या वेळी कोणाचा तरी हात पट्ट्यावर असतो किंवा टेबलावर ठेवलेला तुकडा फेकला जातो. वीज गेली की बटण सोडून देणारा स्विच काही यंत्रांना असतो. ज्यांना नसतो त्यांना हिरवं-लाल बटण असलेला स्टार्टर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा; पैसे खर्च करायचे तर ते आधी इथे करावेत. अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग आणि ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा आरसीसीबी याला पर्याय नाही.

यंत्र गुणगुणतं पण फिरत नाही, ही तक्रार पावसाळ्यात आणि बरेच दिवस बंद असलेल्या यंत्रात हमखास. लोक लगेच कंडेन्सर गेला म्हणतात. जातोही. पण सँडरमध्ये आणखी एक नेहमीचा संशयित आहे: मोटर वेगात आल्यावर सुरुवातीचं वेटोळं तोडणारा, मोटरच्या मागच्या टोकाला असलेला सेंट्रिफ्यूगल स्विच. त्याच्या टोकांमध्ये भुसा अडकला की मोटर उठत नाही. गुणगुणणारी मोटर दोन सेकंदांच्या आत बंद करावी, नाहीतर वेटोळं जळतं. तबकडीला हाताने धक्का देऊन सुरू करायचा अघोरी प्रयोग तर करूच नये. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहू शकते, त्यामुळे झाकण उघडायचं काम जाणकाराचं. यंत्र सुरू होतं पण लाकूड टेकवताच दमतं, असं असेल तर आधी एक्स्टेंशनची वायर पाहावी. बारीक, लांब, गुंडाळून ठेवलेली वायर व्होल्टेज खाते. भिंतीवरच्या पॉइंटला थेट लावल्यावर यंत्र ताजंतवानं झालं, तर उत्तर मिळालं.

कोकणात, मुंबईत पट्टे ठेवण्याची जागा हाही विषयच आहे. ओल धरली की कापडी पाठ वाकते, जोडाचा डिंक मऊ पडतो, आणि कपाटात धड असलेला पट्टा दुसऱ्या मिनिटाला जोडातून सुटतो. खिळ्याला अडकवलेल्या पट्ट्याला तिथेच मोड पडते आणि चालताना तो दर फेऱ्याला उडी मारतो. चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा भिंतीला आडवा बसवून त्यावर पट्टे टांगावेत. तबकडीचे चिकट पेपर सपाट, वजनाखाली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. ते लावण्याआधी तबकडी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. जुना पेपर निघत नसेल तर हेअर ड्रायरने कोमट करावा, कडेपासून सावकाश सोलावा. अर्धवट चिकटलेला पेपर २८५० फेऱ्यांना सुटला तर तो पात्यासारखा उडतो, म्हणून नवा पेपर लावल्यावर पहिलं अर्धं मिनिट तबकडीच्या समोर उभं राहू नये, बाजूला राहावं.